इंदूताईंच्या पाळणाघरात

दापोडी, २ जून १९६९, सोमवार
पाळणाघरात पहिला दिवस. बाबांना सांगितलंय, शाळेतल्या नोकरीची ऑर्डर येईपर्यंतच. दोनेक महिने. दोन खोल्या, सव्वीस मुलं, प्रमुख इंदूताई. मुलांच्या आया सकाळच्या शिफ्टला कंपनीत, नाहीतर बांधकामावर. ताईंचा आवाज बारीक, पण अख्खी खोली ऐकते. मला पहिलं काम नाकं पुसायचं. डी.एड.ला हे नव्हतं शिकवलं.

५ जून
घोळ घातला. तान्ह्यांच्या झोळीला प्रत्येक आई आपलं नेसतं लुगडं देऊन जाते. कळकट, आंबूस. काल संध्याकाळी सगळी सोडली, सोडा घालून धुतली. फार शहाणी मी. आज नऊच्या नऊ तान्ही दुपारभर रडली, एकही झोपलं नाही. ताई दोघांना दोन खांद्यांवर टाकून फिरत राहिल्या. मंगलची आई गंगूबाई न्यायला आली तेव्हा कळलं. "माझा वास धुऊन टाकला बाई तुमी. पोरगी निजंल कशी?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी मला घरोघर धाडलं, अंगावरचं लुगडं मागायला. बायका हसल्या, पण दिली.

१८ सप्टें.
मंगलचं अंग तापाने भाजत होतं. बाकीची मुलं स्वयंपाकाच्या मावशींवर सोपवून ताई तिला घेऊन चिंचवडला, गंगूबाईच्या कंपनीच्या गेटवर. मागे मी, पिशवी घेऊन. वॉचमन म्हणाला, शिफ्ट सुटल्यावर या. ताई भांडल्या नाहीत. पोरीला मांडीवर घेऊन गेटच्या मधोमध बसल्या, ट्रकच्या वाटेत. एक ट्रक थांबला, दुसरा थांबला, तिसरा हॉर्न वाजवून थकला. मग आतून गंगूबाई पळत आली. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने सुई दिली, ताप उतरला. येताना बसमध्ये ताईंचं चाललेलं, उद्या खिचडीत भोपळा घालू. मी नुसती बघत होते त्यांच्याकडे.

११ नोव्हें.
ऑर्डर आली. जि. प. शाळा, चऱ्होली. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. "सरकारी हाय पोरी, आता जन्माची काळजी मिटली." ताईंना सांगितलं. जा म्हणाल्या, चांगलं झालं. पहिल्या दिवशी कुठली साडी नेसणार तेही विचारलं. थांब म्हणून एकदा तरी म्हणायचं. त्याचाच राग आला.

१७ नोव्हें., सोमवार
आज चऱ्होलीला हजर व्हायचं होतं. स्टॉपवर उभी राहिले. बस आली, गेली. मग पाळणाघरात. ताई म्हणाल्या, "सुमे, उशीर केलास," आणि हातात वाटी-चमचा दिला. बाबा बोलत नाहीयेत. बोलतील कधीतरी. मला त्या बाईसारखं व्हायचंय, बाकी काही सुचत नाही.

१४ जाने. १९८२
ताई महिनाअखेर सोडणार. गुडघे, आणि डावा डोळा जवळजवळ गेलाय. चिखलीची शाखाही त्यांनीच उभी केली, पत्रे चढवायला स्वतः शिडीवर. पाळणाघर चालवणाऱ्या समितीला प्रमुख म्हणून पदवीधर हवी. मी नुसती डी.एड. साडेबारा वर्षं धरत नाहीत. ताई समितीशी माझ्यासाठी तासभर भांडल्या म्हणे, मला मात्र एका शब्दाने सांगितलं नाही. ताई गेल्या की तूर्त मी हंगामी प्रमुख. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठरेल.
मला ही जागा हवी आहे. लिहून टाकलं, बरं वाटलं.

९ फेब्रु., मंगळवार
बैठक परवा. पदवीधर बाईंचा अर्ज आलाय, कळलं. सकाळपासून कामात लक्ष लागेना, दूध उतू गेलं.
अकराला ताई आल्या, सोडल्यापासून पहिल्यांदा. मुलं जेवत होती. हाक न मारता दाराबाहेर उभ्या, चपला पायातच. मी वळले तर म्हणाल्या, "सुमनबाई, आत येऊ का?"
इतकी वर्षं सुमे होते मी, आज प्रमुखबाईंना विचारावं तसं विचारलं. हातातला डाव तसाच राहिला. तो घेऊनच दाराशी गेले, दुसऱ्या हाताने त्यांना धरून आत आणलं.