नाल्याकाठची पट्टी

नाना, नाल्याला लागून असलेली आपली वीस पावलांची पट्टी मी पेरणं सोडलं, त्याला आता तीन पावसाळे झाले. तुम्ही असता तर समोर बसून हे सांगायची माझी छाती झाली नसती. आईला सांगितलं तेव्हा ती नुसतं म्हणाली, "त्यास्नी काय म्हटलं असतं वं?" आणि भाकरी थापत राहिली. म्हणून लिहायला बसले आहे.

ती पट्टी तुम्ही कशी काढलीत ते मला लख्ख आठवतं. मी चौथीत होते. करंज, बोरी, निरगुडी, सगळी दाटी तुम्ही आठ दिवस खपून साफ केलीत. शेवटच्या दिवशी दुपारी कपाशीच्या काड्या पेटवून तुम्ही वांगी भाजता आहात, गरम साल नुसत्या बोटांनी ओढून काढता आहात, मी वाटी घेऊन उकिडवी बसले आहे. तेवढ्यात वरच्या पाड्यावरचे पावरा बाबा नाला उतरून येतात. उन्हाळ्यात आपल्याकडे चारोळ्या घेऊन येणारे तेच. तोडलेल्या झाडांकडे बघत ते बराच वेळ उभे राहतात. मग म्हणतात, "काठनी झाडं राहू देवाले पाहिजे व्हती, नाना. पानी तठेच थांबस." तुम्ही हसलात. "अठे काय शे? काटाच काटा. आते कपाशी तरी व्हयी. तुम्ही तुमना डोंगर सांभाळा." मग लगेच पान पुढे सरकवलंत, "बसा, जेवी ल्या." बाबा बसले नाहीत. "आज नही," म्हणाले आणि आले तसे वर गेले. ते रागावले का, असं मी विचारलं तर तुम्ही माझ्यावर खेकसलात, "तुले काय कळस? मुकाट जेव." तुम्ही स्वतः मात्र दोन घासांतच उठलात. त्याच आठवड्यात शिरपूरच्या बाजारातून माझ्या मुठीत मावेल असं खुरपं आणलंत आणि त्या ओल्या काळ्या मातीत मला उभं करून म्हणालात, "हाई वावर तुनं." त्या पट्टीतल्या कपाशीवरच मी शिकले, नाना. शिक्षिका झाले. हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच सगळं अवघड होतं.

आपलं बघून शेजाऱ्यांनीही काठ काढले. पाच-सहा वर्षांत डोंगरापासून खाली नदीपर्यंत नाला उघडा पडला. आखाडात लोंढा यायचा आणि वावराची कड घेऊन जायचा. शिमग्यापर्यंत विहिरीचा तळ दिसायला लागायचा. तुम्ही कडेला उभे राहून खचलेल्या मातीकडे बघायचात आणि बोलायचात मात्र बियाण्याबद्दल, बैलाच्या खुराबद्दल. मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्हीही कधी तो विषय काढला नाहीत.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी माझी बदली नेमकी त्या पाड्याच्या शाळेत झाली. पावरा बाबा तोवर वारले होते. त्यांची मुलगी गावच्या वनसमितीत होती. पाड्यावरून खाली पाहिलं की आपलं वावर, त्याखालची चार गावं, पार नदीची रेघ, सगळं एका नजरेत दिसतं. इतकी वर्षं मी फक्त खालून वर बघत आले होते. खालचे म्हणायचे, वरच्यांनी डोंगर बोडका केला. वरचे म्हणायचे, खालच्यांनी काठ खाल्ला. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन येणारे ठेलारी म्हणायचे, आम्हाला चालायला वाटच ठेवली नाही, मग मेंढरं पिकात शिरणार नाहीत तर काय करणार. सगळे खरंच बोलत होते. शाळेच्या कडुनिंबाखाली मी त्यांना एकत्र बसवायला लागले. वनरक्षकही यायचा, एका टोकाला बसायचा. किती बैठका नुसत्या भांडणात गेल्या! हळूहळू एक गोष्ट ठरत आली. वरच्यांनी डोंगराचा एकेक भाग पाळीपाळीने चराईला बंद ठेवायचा, खालच्यांनी दोन्ही काठांना वीस पावलं सोडायची, तिथलं गवत वरच्या बायांनी कापून न्यायचं, आणि ठेलाऱ्यांना पट्टीच्या कडेने वाट द्यायची. मान सगळ्यांनी डोलावली. मग बाबांची मुलगी उठली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "सगळं खरं शे, बाई. पन पहिले कोन सोडी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही सोडू. नाना जाण्याआधी मला सांगून गेले होते. काठ सोडी दे, पोरी, म्हणाले होते."

नाना, तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. धुळ्याच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही मला फक्त पंखा कमी करायला सांगितलंत.

पण तुमच्या नावाला वजन होतं. तुमच्या शेजारच्या वावरातल्या आबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "त्यानी सांगं व्हयी तर मनाबी काठ लिखी ल्या." बाबांच्या मुलीने मला जवळ घेतलं. तिला खरं कळलं असेल का, मला अजून सांगता येत नाही. आज तीन गावांचा काठ सुटला आहे. चौथ्या गावाने नाही म्हटलं, तिथे नाला अजून उघडाच आहे, पाणी तिथून धावतं. आपल्या पट्टीत करंज माझ्या खांद्यापर्यंत आले आहेत. पाड्यावरच्या बाया भारे बांधून नेतात आणि जाताना आईशी बोलत बसतात. यंदा विहिरीला चैत्र निम्मा होईपर्यंत पाणी होतं. कपाशी निघाल्यावर ठेलाऱ्यांची मेंढरं आपल्या वावरात चार रात्री बसली, लेंडीखताने जमीन भरली.

दादाचं मात्र मला खुपतं. तो पिंप्राळ्यातून फोनवर आधी खूप चिडला होता. नानांनी हाताने काढलेलं वावर तू रानाला देतेस, म्हणाला. मग तुमचा शब्द त्याच्या कानावर गेला. त्यावर तो म्हणाला, "शेवटी तुलाच सांगितलं त्यांनी. मी तर तिथेच, बाहेरच्या बाकावर होतो." तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "तू चहाला गेला होतास." काठ सोडायच्या संमतीच्या कागदावर त्याने लगेच सही करून पाठवली.

हे पत्र खरं तर तुमच्यापेक्षा त्याने वाचायला हवं, आणि नेमकं त्यालाच मी ते दाखवणार नाही. अजून एक सांगते. हल्ली पट्टीतून चालताना ते वाक्य मला तुमच्या आवाजात ऐकू येतं, दवाखान्यातल्या त्या बारीक झालेल्या आवाजात, आणि मी त्याला खोटं म्हणत नाही.