आघात आधी, लाव्हा नंतर

८ जानेवारी १९६५
क्लबचे सेक्रेटरी घरी. चंद्रावर भाषण पाहिजे. यांना म्हणाले, "साहेब, तुम्हीच बोला." मी चहाचा ट्रे घेऊन उभी. जिऑलॉजीची एम.एस्सी. मी, हे पोलाद कारखान्यात भट्टीवरचे इंजिनिअर. हे लगेच, "बोलतो ना!" ते गेल्यावर मला, "तू लिहून दे. तुले तं येतेच."

११ जाने.
लिहिलं. चंद्रावरची मोठाली काळी मैदानं म्हणजे आघाताची खोरी. डोंगराएवढा दगड आदळला, खडक उसळला, भोवती डोंगरांची कडी उठली. काळा लाव्हा मात्र तेव्हाचा नाही. फार नंतर खालून, भेगांतून आला. पुरावा: खोऱ्याच्या आत एक लहान विवर, त्याच्याही तळाशी तोच लाव्हा. म्हणजे खोरं आधी, विवर मग, लाव्हा शेवटी.
यांना समजावलं. दाढी करता करता "हो, हो."

१५ जाने.
क्लबात भाषण झालं. वाक्यं माझी, आवाज यांचा. माझं नाव कुठेच नाही. आम्ही बायका मागच्या खुर्च्यांवर. शेवटी कारखान्यातल्या एका रशियन तज्ज्ञानं विचारलं, दुभाष्यानं हिंदीत सांगितलं: दगड पडताच लाव्हा आला का?
हे बेधडक, "जी हाँ, तुरंत."
मी आपोआप उभी झाले. "नहीं. बहुत बाद में." विवराचं सगळं सांगितलं.
घरी दारात आल्यावर हे, "चारचौघांत माही इज्जत काढली तू."
"अन् माह्या अभ्यासाची कोणी ठेवली?"

१९ जाने.
अबोला. शेजारच्या कमलवहिनी, "कावून बोलल्या जी? चंद्र का पळून चालला होता?" हसल्या. मीही हसले. पोळी करपली. रडू नाही आलं, नुसता संताप. सहा वर्षं या क्वार्टरमध्ये मी काय करून राहिले?

२४ जाने.
जवळच्या मरोद्याच्या शाळेतल्या हेडबाई आल्या. मुलींसमोर बोलाल का? फळ्यावर नाव तुमचंच. हो म्हटलं. यांना विचारलं नाही, जेवताना नुसतं सांगितलं. ताट सरकवलं यांनी. "जाशील तं मंग नागपूरलेच जा. माहेरी."

३० जाने.
आज भाषण. हे सकाळीच ड्युटीवर गेले. जाताना टेबलावर नागपूरचं तिकीट ठेवलं. एकच. गाडी दुपारची, भाषणही दुपारचंच.
ट्रंक भरली. मुलींसाठी काढलेल्या खोऱ्याच्या आकृतीचा कागद त्यात टाकला, परत काढला.
रिक्षावाला फाटकाशी ओरडून राहिला, "कहाँ जाना है, बाई?"