न दिसणारा जोड

प्रिय इंजिनीअरबाई,

या हाकेवर रागावू नकोस, ती तुझ्या आईने सुरू केली, मी नुसती उचलली. तुला पत्र लिहितोय म्हटल्यावर ती म्हणाली, फोन बिघडलाय का तुमचा? सध्या मी कुणाशीच धड बोलत नाहीये. गाडी तयार होऊन आज नववा दिवस. गेल्या सोमवारीच ती हॉटेलात पोचायची होती, पण अजून शेडमध्येच उभी आहे. साडेसहा मीटर लांब, काळी कुळकुळीत, आणि तिच्या कागदांवर तपासणी करणारी म्हणून तुझी सही. हॉटेलचा मॅनेजर कालपर्यंत दिवसातून तीनदा फोन करत होता. पाहुणे यायला लागलेत आणि त्यांना आणायला साधी टॅक्सी पाठवावी लागते म्हणे, केवढी ही आपत्ती! आपला मिस्त्री तोंड फुगवून बसलाय. सगळ्यांचा एकच प्रश्न, किल्ली का देत नाही? मी म्हणायचो, पॉलिश राहिलंय. नऊ दिवस पॉलिश. शेवटी स्वतःच्याच थापेचा मला कंटाळा आला.

एकतीस वर्षं मी हेच केलं. चांगली भली गाडी आणायची, मधोमध कापायची, दोन अर्धुकं रुळांवर लांब सरकवायची आणि मध्ये दीड मीटरचा तुकडा बसवायचा. मग जे जे पुढून मागे जातं ते सगळं वाढवायचं. वायरी, ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची नळी, चाकांकडे जाणारा दांडा. वाढवायचं म्हणजे जोड द्यायचा. आमच्या धंद्यात शाबासकी एकाच गोष्टीची, जोड दिसला नाही पाहिजे. गिऱ्हाईक गाडीभोवती फिरायचं, वाकून बघायचं, हात फिरवायचं, आणि शेवटी विचारायचं की कापली कुठे हो? त्या एका प्रश्नासाठी मी दोन दोन महिने घासत बसायचो. तू शाळेतून सरळ शेडमध्ये यायचीस आणि डोळे मिटून पत्र्यावर बोटं फिरवत जोड शोधायचीस. सापडला की मला इतका राग यायचा, की तो भाग मी पुन्हा घासायला घ्यायचो. आई म्हणायची, पोरीशी कसली स्पर्धा करता.

आणि मग ही विजेची गाडी आली. मॅनेजरला हौस, की हॉटेलच्या दारात धूर नको, आवाज नको, पण लांबी मात्र पूर्वीइतकीच हवी. मी हो म्हणून बसलो. गाडी उचलून खाली बघतो तर जमीन नाहीच, पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत सगळी बॅटरी! करवत चालवू कुठे? तू सुट्टी काढून आलीस, गाडीखाली तासभर पडून राहिलीस आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणालीस, बाबा, बॅटरी अख्खी काढा, गाडी कापा, वाढवा, आणि बॅटरी मागच्या बाजूला घट्ट बसवा. मधली जागा रिकामी राहू दे. तसंच केलं. पण वजन वाढलं. वर मॅनेजरला हवा मागे फ्रिज, दोन पडदे, वेगळा एसी. जी गाडी एका चार्जिंगवर चारशे किलोमीटर जायची ती अडीचशेवर आली. त्याला सांगितलं तर म्हणतो, मोठी बॅटरी टाका ना! जणू काही मी खिशात घेऊनच फिरतो.

त्या दिवशी चहा पिताना तू जे बोललीस ते मला झोंबलं, हे आज सांगतो. तू म्हणालीस की पुढच्या लांब गाड्या विजेच्याच असणार, आणि आत्ताच्यापेक्षा कितीतरी चांगल्या. मधला दांडा नाही, त्यामुळे मधला उंचवटा नाही, जमीन सपाट, पाय पसरून बसा. आवाज नाही. कारखान्यातच बॅटरीचे कप्पे वाढवतील, हवी तेवढी लांब गाडी सुरुवातीपासूनच बनवतील. मग कुणाला काही कापावं लागणार नाही. हे तू आनंदात सांगत होतीस. तो उंचवटा गालिच्याखाली लपवण्यात माझी एकतीस वर्षं गेली, आणि माझ्याच घरात, माझ्याच कपातला चहा पिऊन तू मला सांगत होतीस की बाबा, ही बहुतेक तुमची शेवटची कापलेली गाडी. तुझं खरंच होतं. खरं होतं म्हणूनच राग आला. खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

जाताना तू एकच अट घातलीस. बॅटरी मागे गेली, मोटर पुढे राहिली, तेव्हा बॅटरीची वीज मोटरला नेणारी ती नारिंगी केबल लांब लागणार. ती अखंड हवी, नवी बनवून घ्या, जोड द्यायचा नाही. हे वाक्य तू तीनदा म्हणालीस, म्हणजे मी काल धंद्यात आलोय! गाडीच्या कंपनीला लिहिलं तर त्यांचं उत्तर, आमची गाडी कापायची नसतेच, त्यामुळे लांब केबल आम्ही देत नाही. दुसऱ्या एकाने चार महिने लागतील म्हणून सांगितलं. मॅनेजरच्या कसल्याशा परिषदेला राहिले होते सहा आठवडे. मी नुसता चडफडत होतो. महिन्याभराने तुला कळवलं की केबल आली, बसवली. तुला किती बरं वाटलं होतं. मला म्हणालीस, बघा, धीर धरला की होतं.

मग तू तपासणीला आलीस. सगळं मोजलंस, यंत्रं लावलीस, आकडे लिहून घेतलेस. शेवटी म्हणालीस, जमिनीतलं मधलं झाकण उघडा, केबल डोळ्यांनी बघते. आणि माझं डोकं फिरलं. सगळ्या कामगारांसमोर मी तुला काय काय बोललो ते पुन्हा लिहीत नाही, तुला पाठ असेल. पण एक वाक्य लिहायलाच हवं. मी म्हणालो, सख्ख्या बापावर विश्वास नसेल तर सही करू नकोस, आत्ताच्या आत्ता चालती हो. मग मी मोबाइलवरचा केबलचा फोटो पुढे केला, तू तो मोठा करून दोनदा पाहिलास आणि सही केलीस. जेवायला थांबली नाहीस. आई आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होती, आणि मी आपला ताठ मानेने फिरत होतो, जणू माझाच अपमान झाला होता.

सोमवारी किल्ली द्यायची म्हणून आदल्या दिवशी मी गाडी शेवटच्या फेरीला घाटात काढली. माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती सीटवर ठेवून त्यांना पट्टे बांधले. आईला म्हटलं, चल, एकतीस वर्षांत तू माझ्या एकाही लांब गाडीत बसली नाहीस. ती पोत्यांच्या मध्ये बसली, अगदी ऐटीत, आणि घाट संपेपर्यंत त्या पोत्यांना पाहुणे समजून काय काय सांगत होती. गाडीत आवाजच नाही, त्यामुळे मला पुढे प्रत्येक शब्द ऐकू येत होता. म्हणत होती, गाडी आमच्या ह्यांची, पण सही आमच्या मुलीची. परत आल्यावर तिने चपला काढून पाय खाली टेकवले आणि म्हणाली, इथे खाली किती छान ऊब आहे हो, हीटर बसवलात का?

हीटर नाहीये तिथे. मी गालिचा उचलून हात लावला. तळहाताएवढी जागा, बाकी सगळी जमीन थंड. बरोबर त्या झाकणावर. केबल आलीच नव्हती गं. मी जुनीच कापून वाढवली, आयुष्यभर जशा वाढवल्या तशी. इतकी सुबक, की फोटो दोनदा मोठा करूनही तुला जोड दिसू नये. पण घाटात भार पडला तसा तो तापला, आणि असा जोड पेटही घेतो. तपासणीच्या दिवशी तू झाकणाकडे बोट दाखवलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि माहीत असूनच मी ओरडलो. तुझ्यावर रागवायचं मला काही कारण नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि घाबरलेल्या म्हाताऱ्याला ओरडण्याशिवाय दुसरं काही येत नाही. त्या दिवशी पोत्यांच्या मध्ये तुझी आई बसली होती. सोमवारी कुणाची तरी आई बसली असती.

आज सकाळी बॅटरी सोडवून बाहेर काढली. मॅनेजरला सांगितलं की ही गाडी माझ्याकडून मिळणार नाही, आणि का तेही सांगितलं. त्यानंतर परवाना कार्यालयात जाऊन लेखी दिलं की जोड मी लपवला आणि तपासणी करणारीला फसवून सही घेतली. तिथले साहेब म्हणाले, तरी त्या बाईंनी झाकण न उघडता सही कशी केली, त्यांना बोलावून विचारावं लागेल, त्यांच्या तपासणीच्या परवान्याचाही प्रश्न येईल. तू तिथे जाशील आणि माझ्यासाठी काहीतरी सांभाळून घेशील, मी तुला ओळखतो. तसं करायचं नाही. फोनवरचं बोलणं हवेत जातं, म्हणून हे कागदावर लिहिलंय. कुठे काय कापलं, तुला काय खोटं सांगितलं, झाकण का उघडू दिलं नाही, सगळं यात आहे. खाली सहीशेजारी तारीख घातली आहे. बापाचं पत्र म्हणून कपाटात ठेवू नकोस, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेव. मला माफ कर की नको, ते नंतर, तुझ्या सवडीने बघ.

तुझाच, आणि त्या जोडाचा एकटाच धनी,
बाबा
(खाली पूर्ण नावाने सही केली आहे, कुणालाही वाचता येईल अशी.)