अंतरपाटाचं मामाकडचं टोक

बोळिंज, विरार
१२ नोव्हेंबर २००६

ती. रामनाथमामांस,
उन्नतीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. भाचीचं लग्न महिन्यावर आलेलं असताना पाण्याच्या टाकीवर चढायचंच कशाला? आता पाय प्लास्टरमध्ये आणि तुम्ही नाशकात! आपल्याकडे अंतरपाटाचं एक टोक नवरीचा मामा धरतो, दुसरं नवऱ्याचा. आईने तुमच्या जागी कुणा लांबच्या मामांचं नाव काढलं. मी साफ सांगितलं, ते टोक दुसऱ्या कुणाच्या हातात जायचं नाही.

तर ऐका. गणपतीत तुम्ही उंदराला मोटर लावून मोदक खायला लावायचात ना? तशी एखादी मोटर माझा पाट धरेल का? मांडवाच्या आडव्या खांबावरून दोरीने टोक वर न्यायचं, मुहूर्ताला खाली सोडायचं. आईला धास्ती एकच. इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि वेळेआधी पाट पडला तर होणाऱ्या सासूबाई, सुमेधच्या आई, अपशकुन म्हणून जन्मभर ऐकवतील. कुठली मोटर घेऊ, लगेच कळवा. मामींना नमस्कार. मी रागावले असले तरी माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुमची हट्टी,
उन्नती

नाशिक
१७ नोव्हेंबर २००६

चि. उन्नतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, तुझं पत्र वाचून असा हसलो की तुझी मामी लाटणं घेऊन धावत आली. आता नीट वाच. पंख्याची, मिक्सरची मोटर बघूसुद्धा नकोस. वीज आहे तोवर वाघ, गेली की शेळी. वजन लटकलं की उलटी फिरते. तुला वर्म गियरची हवी. तिच्यात आटे पाडलेला दांडा दातेरी चाकाला फिरवतो, पण चाकाने कितीही जोर लावला तरी दांडा हलत नाही. वीज असो नसो, थांबली तिथे थांबली. थेट तुझी आई!

दुकानदाराच्या गप्पांवर जाऊ नकोस. वायर न जोडता चाकाचा बाहेर आलेला दांडा पकडीने फिरवून बघ. फिरला तर राम राम कर. पाट हलका असला तरी सुमेधचे मामा आडदांड आहेत, पलीकडून ओढ बसणारच. म्हणून पाच किलो तांदूळ टांगून प्लग काढ, आणि तासभर बघ.

मला तिथे उभं राहायचं होतं गं. फार वाईट वाटतं. सगळ्यांना सांग, आठवण ठेवा, पण टाकीची थट्टा पुरे.

तुझा,
रामनाथमामा

बोळिंज
२६ नोव्हेंबर २००६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मिळाली! बाबांच्या कारखान्यातले पास्कलकाका मला वालीवला जुन्या मोटरींच्या गाळ्यावर घेऊन गेले. तीन मोटरी घरी आणल्या. पहिलीचा प्लग काढताच तांदूळ धाडकन बाबांच्या पायावर. आईने विचारलं, घरातले सगळेच पुरुष प्लास्टरमध्ये जाणार का! दुसरीने पिशवी हळूहळू, चोरासारखी, जमिनीवर आणली. तिसरीने मात्र धरली ती धरलीच. आईने ढकलून पाहिली, बाबा लोंबकळायला निघाले होते, मी अडवलं. पास्कलकाकांचं मत पडलं की ही काय सोडनार नाय. दोरीची गाठ तेच मारणार आहेत, पाचूबंदरचे कोळी होडी बांधतात तसली.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
उन्नती

उमेळे, वसई
११ डिसेंबर २००६

ती. मामांस,
सौ. उन्नतीचा सा. न. वि. वि.

मामा, बसला आहात ना? काल शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि वीज गेली. पंखे थांबले, माईक गेला, आईने डोळे मिटले. पाट तसूभर हलला नाही! पास्कलकाकांनी टाळ्याच पिटल्या.

मग मुहूर्त आला. सुमेधच्या मामांनी आपलं टोक सोडलं. तुमचं टोक सोडेना! वर राहील का, याचाच आपण सगळ्यांनी विचार केला. विजेशिवाय खाली कसं यायचं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. जनरेटरवाला किल्ली घेऊन चहाला गेलेला. बाबा दोरी ओढताहेत, काकांची गाठ काकांनाच सुटत नाही, आणि पाट आमच्या मध्ये वाळत घातलेल्या धोतरासारखा लोंबतोय. गुरुजी ओरडले, वेळ टळतेय. मी हार सावरून खालून वाकले. पलीकडून सुमेधही वाकला. कपाळावर कपाळ आपटलं, मुंडावळ्या गुंतल्या, आणि तसेच वाकून आम्ही हार घातले. मला हसू आवरेना, त्याला तर ठसकाच लागला.

सासूबाईंकडे बघायची हिंमत नव्हती. तर त्याच पदर तोंडाला लावून गदगदा हसत होत्या. म्हणाल्या, पडला असता तर अपशकुन, हा तर राहिला, बिनधास्त हसा. तुम्ही हवे होतात मामा, फार फार. नव्या घरावरही तुमचा तोच जीव असू द्या.

तुमची,
उन्नती

नाशिक
१६ डिसेंबर २००६

चि. सौ. उन्नतीस,
उभयतांस अनेक आशीर्वाद.

मामीने पत्र मोठ्याने वाचलं, दोनदा. चूक माझीच. हाताने सोडायची कळ ठेवायला हवी होती, मोटरींच्या इतक्या वर्षांच्या कामात एवढं सुचू नये! पास्कलना सांग, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, आणि मोटरला कुणी नावं ठेवू नका.

खरं सांगू? मी स्वतः उभा असतो ना, तर मलाही ते टोक वेळेवर सोडवलं नसतं.

तुझा,
मामा