फळ्यावर तुमचं नाव

अहो,

आज सोमवार. दिवस मावळेपर्यंत माझं मौन आहे, म्हणून लिहून ठेवते. भाकरी दुरडीत झाकल्यात. मी देवळात पोथीला बसलेय.

ऊसतोड लागली म्हणून सरपंचांनी बिबट्याच्या सूचना चावडीच्या फळ्यावर मलाच लिहायला सांगितल्या. गोठ्यात रात्रभर बल्ब चालू ठेवा, पोरांना एकटं शाळेत धाडू नका, हे सगळं लिहिलं. शेवटी एक माझी घातली. मेलेल्या कोंबड्या उसाच्या कडेला टाकू नका, पुरा. ज्यांनी टाकल्या, त्यांच्याच दारातली गाभण शेळी बिबट्यानं नेली.

पुरा म्हणून मी चारदा विनवलं होतं. आपली शेळी चंद्री गेली त्या सकाळी तुम्ही पारावर सगळ्यांदेखत हसलात, "मी काय बिबट्याला घरचा पत्ता दिलाय का?"

लग्नातल्या उखाण्यानंतर तुमचं नाव मी कधी घेतलं नाही. आज त्या सूचनेखाली आडनावासकट लिहिलंय. मंचरची एस्टी तिथंच थांबते. दोन गाड्या भरून लोक वाचून गेले.

कुदळ दाराशी ठेवलीय. कोंबड्या पुरल्यात तरी नाव मी पुसणार नाही. चंद्री परत आणा, मग पुसते.