आत्याने सांगितलेला मूकपट

रविवार, संध्याकाळ. कनेरगाव नाका.

कान गेल्यापासून आत्या टीव्हीपुढे बसत नाही. ‘काय म्हणला तो?’ असं ती सारखं विचारायची आणि मी खेकसायचो. माझ्यामुळेच उठली, कबूल.

आज मुद्दाम शंभर वर्षांपूर्वीचा परदेशी मूकपट लावला. नवरा दारूत, लेकरू तापात, मिशीवाला घरमालक दारात. आत्या हळूच येऊन बसली. मधल्या इंग्रजी पाट्या मी तिच्या कानाशी ओरडून सांगायला लागलो.

“तू गप बस. मला समजून राहिलं.”

मग तीच सांगत सुटली. मिशीवाला म्हणजे थोरला दीर, वाटणी मागायला आलेला. साफ चूक. पण पेपरात लोकांच्या चुका छापून पोट भरणारा मी, पाट्या सोडून तिचंच ऐकायला लागलो. खरं तर दिराचीच गोष्ट जास्त पटत होती.

शेवटी मिशीवाल्याने टोपी काढली, ओठ हलवले. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने आत्याला खुणेनं विचारलं, काय म्हणला?

“चुकलो म्हणून राहिला,” आत्या म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. का बघितलं?

पाटीवर भाड्याचं काहीतरी होतं. मी ते वाचून दाखवलं नाही.

मला ते ‘चुकलो’ तोंडाने म्हणणं अजून जमलेलं नाही. उद्यासाठी दुसरा मूकपट शोधून ठेवलाय. त्यातही एक मिशीवाला आहे.