सहा हजार फेऱ्यांच्या वर

प्रिय ठिणगी,

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. तुझी आई समोर भाजी निवडत बसलीय आणि हा माणूस एवढं काय लिहितोय म्हणून सारखी मान लांब करतेय. परवा फोनवर तू एकदम गप्प झालीस आणि फोन ठेवलास, तेव्हापासून ती मला विचारतेय की पोरीला काय बोललात. त्यावर येतो. आधी तुझ्या गाडीचं, कारण शर्यत तोंडावर आलीय आणि स्टिअरिंगमागे तू बसणार आहेस.

गाडी माझ्याकडे सोडून गेलीस त्या दिवशीचं आपलं भांडण आठव. तू लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली, धुराच्या पाइपात तुझा तो सेन्सर. म्हणालीस, बाबा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर एक भाग पेट्रोलला साडेबारा भाग हवा पाहिजे, आणि इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वर गेलं की हवेचा आकडा चौदाकडे पळतोय, पेट्रोल कमी पडतंय. मी म्हणालो, सेन्सर फसतोय. पाइपाच्या जोडाला भेग असणार, तिथून बाहेरची हवा शिरतेय. तू म्हणालीस, भेग असती तर खालच्या फेऱ्यांवर आकडा बिघडला असता, वर नाही. बरोबर बोललीस. पण मी तोवर बॉनेटवर वाकलो होतो आणि तुला सांगत होतो की गप बस, इंजिन कसं गातंय ते ऐक.

माझंही काही चूक नव्हतं गं. हे गॅरेज मी भांडवलावर उभं केलेलं नाही, कानांवर केलंय. गाडी फाटकातून आत वळायच्या आधी मी कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे ते सांगायचो आणि शेजारचा टायरवाला त्यावर चहाची पैज हरायचा. तू पाळण्यात कूस बदललीस तरी मी जागा व्हायचो. तुझी आई म्हणायची, या घरात मनातल्या मनातसुद्धा बोलायची सोय नाही.

तर तू गेल्यावर मी कानावर भरवसा ठेवून वरच्या फेऱ्यांचं पेट्रोल आणखी थोडं कमी केलं. आवाज असा मोकळा झाला की मी खूश. काल गाडी जागच्या जागी पळवायच्या रोलरवर बांधली, काचा खाली केल्या आणि पाय दाबला. सहा हजारांच्या पुढे गेलो असेन, तेवढ्यात आपला वेल्डर दोन्ही हात हलवत धावत आला आणि खिडकीतून हात घालून त्यानं चावीच फिरवली. म्हणाला, मालक, इंजिन जाळताय का? डब्यात खडे हलवावेत तसं वाजतंय आत. मी म्हणालो, कसले खडे?

ठिणगी, हा माणूस आयुष्यभर ग्राइंडरशेजारी उभा राहिलाय. चहा आला हे त्याला खांदा हलवून सांगावं लागतं. आणि त्याला ऐकू आलं.

मी प्लग काढला. पांढऱ्या भागावर बारीक चंदेरी ठिपके होते. पिस्टनचा धातू वितळून उडायला लागला होता. पाइपात धूर भरून जोड तपासला. भेग कुठेच नाही. तुझा सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. मी स्टुलावर बसलो. मग वेल्डरला म्हटलं, माझ्यामागे उभा राहा आणि एक वॉशर फरशीवर टाक. थोडा वेळ थांबून म्हटलं, टाक की रे. तो म्हणाला, मालक, कधीच टाकला. मी वळून पाहिलं तर वॉशर माझ्या बुटाला लागून पडला होता. मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. त्याचा चेहरा पाहिल्यावर तसं वाटायचं थांबलं.

इंजिन उघडून पाहिलं, नशिबानं पिस्टन वाचलाय. तू म्हणालीस तसं वरचं पेट्रोल वाढवलं. वेल्डरला बाहेर कान देऊन उभा केला, मी मात्र फक्त तुझ्या सेन्सरचा मीटर बघत होतो. वरपर्यंत साडेबारा. बेधडक चालव, पण मीटर काढू नकोस आणि माझं ऐकू नकोस.

जाडे आवाज मला अजून सगळे येतात, म्हणून इतके दिवस कळलं नाही. बारीक तेवढे गेलेत. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुझी आई आत्ता काहीतरी म्हणाली, मी मान हलवली; तिच्या कपाळावर आठी पडली, म्हणजे मान चुकीच्या बाजूला हलली असणार. काल त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला तुझा परवाचा फोन आठवला. तू हळू आवाजात बरंच काही बोललीस. शेवटी थांबलीस, म्हणून प्रश्न असावा असं मी धरलं आणि हसून म्हणालो, बघू गं, एवढी काय घाई आहे. त्यानंतर तू गप्प झालीस. बाळा, तू काय विचारलंस त्यातला एक शब्दही मला ऐकू आला नव्हता. ते उत्तर नव्हतं. पुन्हा विचार, पण कागदावर.

वाट बघणारा,
तुझाच बाबा